तापाचा पत्ता

मराठीत ‘ताप’ या एका शब्दावर आपण बरंच ओझं टाकलेलं आहे. अंग कढत लागलं तरी ताप, वैशाखातल्या उन्हाचा तोही ताप, आणि एखादा माणूस पिच्छा सोडत नसेल तर तोही डोक्याला तापच. जुन्या गाडीचं बॉनेट उघडून बॅटरीच्या केबलला हात लावला आणि चटका बसला, की गाडीवाल्याच्या मनात हे सगळे अर्थ एकदम जागे होतात. त्यातला पहिला त्याला जवळचा वाटतो: गाडी आजारी आहे, औषध द्या. औषध म्हणजे बहुतेक वेळा नवी बॅटरी, तिनं भागलं नाही तर नवा सेल्फ, म्हणजे स्टार्टर मोटर. इथेच गल्लत होते, कारण शरीराचा ताप आणि केबलचा ताप या दोन जाती वेगळ्या आहेत. शरीरात रक्त सारखं फिरत असतं आणि ऊब सगळीकडे वाटून टाकतं. त्यामुळे दुखणं हिवतापाचं असो की फुप्फुसाचं, तापतं कपाळच, आणि कपाळाला काही ठाऊक नसतं. तारेतली उष्णता मात्र जिथे प्रवाहाला अडथळा होतो तिथेच जन्मते. तांब्यातून ती वीतभर इकडेतिकडे सरकते खरी, पण जन्मस्थान सोडून फार लांब जात नाही. गाडीचा ताप पत्ता घेऊन येतो. तो वाचायच्या आधी पार्ट बदलायला घेणं ही घाई आहे, आणि ती महागात पडते, एवढंच इथे दाखवायचं आहे.

नंदुरबार जिल्ह्यात हा विषय गॅरेजवाल्यांपुरता राहत नाही. १ जुलै १९९८ रोजी हा जिल्हा धुळ्यातून वेगळा झाला. धुळ्यात नोंदलेली गाडी कपाळावर एमएच १८ घेऊन फिरते, नंदुरबारात नोंदलेली एमएच ३९. खासगी गाडीची नोंदणी १५ वर्षांची असते आणि पुढे पाच-पाच वर्षांनी ती नव्यानं करून घ्यावी लागते, पण कागदाचं वय आणि लोखंडाचं वय यांचं इथे फारसं जमत नाही. अक्राणी आणि अक्कलकुवा तालुक्यांच्या डोंगरात जीप हीच बस, तोच टेम्पो आणि अडल्या वेळी तीच ॲम्ब्युलन्स. कमांडर, मार्शल, ट्रॅक्स, सुमो ही नावं शहरातल्या रस्त्यांवरून पुसली जात असली तरी अशा मुलखात त्यांची गरज संपलेली नसते. खाली सपाटीवर नंदुरबारच्या मिरची वाळवण्याच्या पथाऱ्यांकडे माल घेऊन जाणारी जुनी पिकअप हंगामात एक दिवसही बंद राहून चालत नाही. अशा ठिकाणी ‘निदान-बिदान शहरातल्यांनी करावं, इथे पार्ट बदलायचा आणि निघायचं’ असं म्हणणारे भेटतात. मला नेमकं उलट वाटतं. शहरात चुकीचा पार्ट आणला तर समोरच्या दुकानातून दुसरा आणता येतो. मोलगीला किंवा धडगावला बाजाराच्या दिवशी गाडीनं सेल्फ घेतला नाही, तर सुटा भाग खालून तळोद्या-शहाद्याकडून वर चढायचा, आणि पावसाळ्यात चांदसैली घाटात दरड आली असेल तर तोही अडकायचा. एक चुकीचा अंदाज म्हणजे एक बुडालेला दिवस. दुकान जितकं लांब, तितकी निदानाची किंमत जास्त.

केबल तापते कशामुळे, हे समजायला फार गणित लागत नाही. होळीच्या आधी भोंगऱ्याच्या बाजारात धडगावला जी गर्दी लोटते ती डोळ्यांसमोर आणावी. मोठ्या रस्त्यानं आत शिरलेली माणसं पुढे एका बोळातून जाणार असतील, तर दर मिनिटाला रस्त्यावरून जाणारी माणसं आणि बोळातून जाणारी माणसं सारखीच असतात. पण घाम फुटतो तो बोळात. बॅटरीपासून सेल्फपर्यंत आणि तिथून इंजिनच्या अंगानं, अर्थच्या पट्टीतून पुन्हा बॅटरीपर्यंत असा एकच गोल रस्ता आहे, आणि त्याच्या प्रत्येक सांध्यातून सारखाच प्रवाह जातो. उष्णता मात्र सारखी वाटली जात नाही. जिथे रोध अधिक तिथे ती अधिक. रोधाचा हिशेब जर्मनीतल्या ओहमनं १८२७ मध्ये मांडला, आणि सॅलफर्डच्या दारूभट्टीवाल्याचा मुलगा जूल यानं १८४१ मध्ये दाखवलं की तारेतली उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या पटीत वाढते. प्रवाह दुप्पट झाला तर ताप चौपट. सेल्फच्या बाबतीत हा वर्गच सगळा घोळ घालतो. घरातला छताचा पंखा अर्ध्या अँपिअरलाही पोचत नाही. डिझेल जीपचा सेल्फ इंजिन फिरवताना दोन-तीनशे अँपिअर सहज ओढतो. ३५ चौरस मिलिमीटर जाडीची तांब्याची चांगली केबल घेतली तर मीटरमागे तिचा रोध ओहमच्या दोन हजाराव्या भागाएवढा असतो. दीड मीटर केबलमधून २०० अँपिअर गेले तर ३० वॅटच्या आसपास उष्णता होते, तीही सबंध लांबीवर पसरलेली. हाताला जाणवणारसुद्धा नाही. पण त्याच रस्त्यातल्या एखाद्या थिंबलखाली, म्हणजे केबलच्या टोकाच्या धातूच्या कड्याखाली, गंज चढून ओहमचा शंभरावा हिस्सा एवढाच अडथळा आला, की त्या एका बोल्टमध्ये ४०० वॅट साठतात. म्हणजे कपड्यांच्या इस्त्रीची जवळजवळ निम्मी आच एका नटाखाली.

मुळात ही सगळी व्यवस्थाच थोड्या क्षणांच्या उधारीवर उभी आहे. पूर्वी गाडी हँडल मारून चालू करत, आणि इंजिननं उलटा झटका दिला तर मनगट मोडे. चार्ल्स केटरिंगनं विजेचा स्टार्टर तयार केला आणि १९१२ सालच्या कॅडिलॅकमध्ये तो बसला. त्याआधी जाणत्यांचं मत असं होतं की इंजिन फिरवायला लागणारी मोटर इंजिनाएवढीच मोठी करावी लागेल. केटरिंगनं पूर्वी दुकानातल्या गल्ल्याच्या यंत्रासाठी छोटी मोटर बनवली होती, आणि तिथे त्याला उमगलं होतं की मोटर काही सेकंदच चालणार असेल तर तिच्यावर ऐपतीबाहेरचं ओझं टाकता येतं; तापायच्या आत काम उरकतं. तेव्हापासून सेल्फ, केबल, टर्मिनल हा सगळा संसार असाच चालला आहे. नव्या गाडीत सेकंदा-दोन सेकंदांत इंजिन पेट घेतं, उधारी फिटते. जुन्या डिझेलचं कॉम्प्रेशन उतरलेलं असतं, नोझल थकलेले असतात, आणि ड्रायव्हर किल्ली फिरवून धरून ठेवतो. दहा सेकंद, पंधरा सेकंद, मग लगेच पुन्हा. अशा वेळी निर्दोष केबलही कोमट होणारच. म्हणून केबल तापली एवढ्यावरून काही ठरवता येत नाही. कुठे तापली आणि किती वेळ सेल्फ मारल्यावर तापली, हे दोन प्रश्न आधी विचारायला हवेत.

‘जास्त गरम ते जास्त बिघडलेलं’ हा समज तर बहुतेकांच्या डोक्यात पक्का बसलेला असतो, आणि तो चूक आहे. समजा सेल्फ अडकून बसला आहे आणि एक सांधा सोडून बाकी सगळ्या रस्त्याचा रोध ओहमचा विसावा भाग आहे. बॅटरी १२ व्होल्टची. आता तो एक सांधा हळूहळू खराब होऊ द्या. त्याचा रोध ओहमचा दोनशेवा भाग झाला की त्यात सुमारे २४० वॅट उष्णता होईल. विसावा भाग झाला, म्हणजे बाकीच्या रस्त्याइतका झाला, की ७२० वॅट. आणखी बिघडून अर्ध्या ओहमवर गेला, की पुन्हा २४० च्या आसपास. पाच ओहमवर गेला की जेमतेम २८ वॅट, कारण आता प्रवाहच अडीच अँपिअरच्या आत आला. पूर्ण तुटलेला सांधा थंडगार असतो. सगळ्यात जास्त तापतो तो अर्धवट तुटलेला, धड धरतही नाही आणि सोडतही नाही असा. म्हणजे २४० वॅटचा चटका दोन अगदी वेगळ्या सांध्यांतून बसू शकतो: पहिल्यावर निरोगी सेल्फ थोडी कुरकुर करून इंजिन फिरवेल, दुसऱ्यावर सोलेनॉइडची, म्हणजे सेल्फच्या विद्युतचुंबकी स्विचची, टक् टक् ऐकू येईल आणि संपलं. ताप पत्ता सांगतो, दुखणं किती पुढे गेलं ते सांगत नाही. काल चटका देणारा टर्मिनल आज गार लागतो म्हणून हायसं वाटून घेणाऱ्यानं हे जरूर लक्षात घ्यावं. तो सुधारला असेल, किंवा पार गेला असेल.

मग मोजायचं कसं? इथे एक आक्षेप हमखास येतो, आणि तो मीटर बाळगणाऱ्यांकडूनच येतो: केबल काढून मल्टीमीटर लावला, ओहमच्या घरात शून्य दाखवतो, तार चांगली आहे. शून्य दाखवणारच. साध्या मीटरच्या दोन वायरींचाच रोध ओहमच्या दोन-चार दशांशांएवढा असतो. ओहमचा शंभरावा भाग त्याला दिसायचा कसा? धान्याच्या काट्यावर कोणी सोनं तोलत नाही. शिवाय मीटर मोजताना तारेतून पाठवतो तो प्रवाह मुंगीच्या पावलाएवढा. थिंबलच्या आत पन्नासातले पाच पदर शाबूत असले तरी मुंगीला रस्ता मोकळाच वाटतो. हत्ती आला की कळतं. म्हणून रोध मोजू नये, सेल्फ चालू असताना पडणारं व्होल्टेज मोजावं. डिझेल गाडीचा स्टॉप ओढून धरायचा, पेट्रोलची असेल तर कॉइलची वायर काढायची, म्हणजे इंजिन फिरेल पण चालू होणार नाही. मीटर डीसी व्होल्टवर ठेवून एक टोक बॅटरीच्या शिशाच्या खुंटावर आणि दुसरं सेल्फच्या मोठ्या बोल्टवर. टोक क्लॅम्पवर न ठेवता खुंटावरच ठेवायला हवं, कारण कित्येकदा पांढरी बुरशी नेमकी त्या दोघांच्या मधे बसलेली असते. दुसऱ्यानं सेल्फ मारला की आकडा अर्ध्या व्होल्टच्या आत राहिला पाहिजे. हेच अर्थच्या बाजूनं, बॅटरीच्या निगेटिव्ह खुंटापासून सेल्फच्या अंगापर्यंत. तिथे दोन-तीन दशांशांपेक्षा जास्त नको. आकडा मोठा आला तर टोक एकेक सांधा पुढे सरकवत जायचं, आणि जिथे तो एकदम उडी मारतो तिथे पान्हा लावायचा. मीटर काही शे रुपयांचा असतो. कामाला पाच मिनिटंही लागत नाहीत, फक्त दोन माणसं लागतात, आणि दुसरं माणूस जीपमध्ये नसतंच असं कधी होत नाही.

या सगळ्यात अर्थच्या बाजूकडे दुर्लक्ष होतं, आणि त्याचं कारण शब्दातच आहे असं मला वाटतं. ‘अर्थ’ म्हटलं की जमिनीत पुरलेलं काहीतरी, आपोआप असलेलं, असं वाटतं. गाडीला जमीन नसते. लाल केबलनं आलेला प्रत्येक अँपिअर काळ्या केबलनं परत जायलाच हवा. इंजिन रबराच्या पायांवर बसवलेलं असतं, म्हणजे चेसिसपासून ते विजेच्या दृष्टीनं जवळपास अलग असतं. दोघांना जोडते ती एक विणलेली पट्टी. तेल, चिखल आणि खडकाळ रस्त्यांचे धक्के खाऊन ती झिजते, किंवा क्लचच्या कामात कोणी सोडतो आणि पुन्हा लावायची राहून जाते. मग प्रवाह आडवाट शोधतो. ॲक्सिलेटरची तार, क्लचची तार, चोकची तार, इंजिन आणि बॉडी यांना शिवणारं जे मिळेल त्यातून दोनशे अँपिअर घुसू पाहतात. बोटाएवढ्या जाडीच्या तांब्याचं काम सुतळीएवढ्या पोलादी तारेवर येतं. ॲक्सिलेटर अचानक जड झाला, त्याच्या नळीतून धूर आला, प्लास्टिकचा वास सुटला, की माणूस ॲक्सिलेटरची तार बदलतो. नवी तारही महिन्याभरात जळते. इथे ताप पत्ता खोटा सांगतो का, असा रास्त आक्षेप घेता येईल. मला तो खोटा वाटत नाही. अडथळा खरंच त्या बारीक तारेत आहे. प्रश्न एवढाच उरतो की वाहतूक इकडे वळली कशामुळे, आणि ज्या रस्त्यावर दोनशे अँपिअरनी कधी यायलाच नको होतं तिथे ते दिसले, तर मुख्य रस्ता बंद आहे हे निराळं सांगावं लागू नये.

‘आमच्याकडे उन्हाळाच असला, गरम होणारच’ हे वाक्य मे महिन्यात नंदुरबारात पटकन पटतं. सावलीतच पारा चाळिशी ओलांडून बसलेला असतो. पण ऊन सगळ्यांना सारखं तापवतं. ते एका टर्मिनलला निवडून तापवत नाही. तांब्याचा रोध दर अंशाला साधारण चार दशांश टक्क्यांनी वाढतो, म्हणजे तापमान २० अंशांनी वाढलं तरी फरक आठ टक्क्यांचा. एवढ्यानं चटका बसत नाही. उलट उन्हाळ्यात ऑइल पातळ असतं, इंजिन हलकं फिरतं, सेल्फला कमी खेचावं लागतं. केबलची खरी परीक्षा तोरणमाळ-डाबच्या डोंगरांत डिसेंबरातल्या पहाटे होते, तेव्हा ऑइल घट्ट असतं आणि बॅटरीचा जोर उतरलेला. उन्हाळा दोषी आहे तो वेगळ्या रीतीनं. उष्णतेनं बॅटरीतल्या रासायनिक क्रियांचा वेग वाढतो, ॲसिडची वाफ जास्त निघते, टर्मिनल खातात, आणि केबलच्या रबराखाली ॲसिड तांब्याच्या पदरांतून केशिकेतून चढावं तसं वर चढत जातं. बाहेरून केबल ठणठणीत; टोकाचं रबर चार बोटं सोललं की आतलं तांबं काळंहिरवं. मे महिना गुन्हा करतो आणि डिसेंबरात तो उघडकीला येतो.

आता सगळ्यात जोरकस आक्षेप. ‘बॅटरी बदलली आणि गाडी चालू झाली, मग दोष बॅटरीतच होता की.’ हा पुरावा खोटा नाही, अपुरा आहे. जुन्या बॅटरीचा आतला रोध वाढलेला असतो. नवी जास्त जोरानं ढकलते आणि खराब सांध्यातूनही पुरेसा प्रवाह पार करते. गाडी चालू होते. पण त्याच सांध्यातून आता प्रवाह वाढला, आणि जूलच्या हिशेबानं ताप त्याच्या वर्गात वाढला. शिसं मऊ असतं. तापून, थंड होऊन, दाबाखाली सरकून क्लॅम्प आणखी ढिला पडतो. दोन-चार महिन्यांत तीच तक्रार परत येते आणि ठपका बसतो नव्या बॅटरीवर. यावर काही जण म्हणतात, मग चारही केबल एकदम नव्या टाका, निदानापेक्षा ते स्वस्त. वीस-पंचवीस वर्षांच्या गाडीच्या बाबतीत मी हे म्हणणं बरंचसं मान्य करतो. एवढ्या जुन्या केबलची बाजू घेण्यात अर्थ नाही. मात्र बाजारात तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची केबलही मिळते, आणि ॲल्युमिनियम तांब्याच्या साठ टक्क्यांच्या आसपासच वीज वाहतं. रबर जाड असलं म्हणजे आतली तार जाड असतेच असं नाही. हातोडीनं ठोकून बसवलेलं थिंबल तर नव्या केबलला पहिल्या दिवसापासून जुनं करतं. आणि दोष सेल्फमध्येच असेल, बुश झिजून आर्मेचर घासत असेल, तर सगळ्या नव्या केबलीही तापतील. त्या वेळी तापाची खूण वेगळी असते: टोकाशी चटका नाही, सबंध लांबी सारखीच गरम. अशा केबलकडे रागानं बघू नये, ती ओझं वाहते आहे. ओझं टाकणारा पुढे आहे.

हाताच्या स्पर्शाला यंत्रापुढे किंमत नाही, असं म्हणायचीही घाई नको. इन्फ्रारेडची बंदूक आजकाल गॅरेजांत आली आहे, पण चकचकीत धातू अवरक्त किरण फार कमी सोडतो आणि बंदूक त्याला आहे त्याहून थंड समजते. टर्मिनलवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवून त्यावर रोखली तर ती खरं बोलते. हाताला अंश कळत नाहीत, तुलना मात्र चोख कळते, आणि इथे तुलनाच हवी असते: हे टोक की ते टोक, लाल की काळी. अट एवढीच की सेल्फ सोडल्यावर लगेच, आधी बोटांच्या पाठीनं चाचपून हात लावायचा, आणि सायलेन्सरच्या बाजूनं गेलेल्या केबलच्या तापातून त्या पाइपाची ऊब वजा धरायची. गाडी बंद असताना, किल्ली काढलेली असताना केबल गरम लागली, तर मात्र निदान बाजूला ठेवून आधी निगेटिव्ह सोडावी. जुन्या गाड्यांत या मुख्य केबलला बहुधा फ्यूजच नसतो; ती कुठेतरी चेसिसला घासून उघडी पडली तर मधे थांबवणारं काही नाही. निगेटिव्ह आधी सोडायची ती यासाठी की पॉझिटिव्हवर लावलेला पान्हा बॉडीला टेकला तर ठिणगी उडते, आणि चार्ज होणाऱ्या बॅटरीभोवती हायड्रोजन असतो.

पत्ता वाचण्यात खरी अडचण त्याच्या आयुष्याची आहे. तापलेलं टर्मिनल थोड्या वेळात निवतं. धडगावच्या बाजारात सेल्फ बसला की दहा हात लागतात, गाडी उतारावर ढकलून दुसऱ्या गिअरवर चालू होते आणि घाट उतरून दुपारी शहाद्याला गॅरेजसमोर उभी राहते. तोपर्यंत वाटेत अल्टरनेटरनं बॅटरी भरलेली, सगळं बॉनेट इंजिनच्या उष्णतेनं सारखंच तापलेलं. वायरमन किल्ली फिरवतो, भरलेल्या बॅटरीवर इंजिन फिरतं, आणि त्याच्याजवळ अंदाज करण्यावाचून काही उरत नाही. या साखळीत पुरावा हाताशी असलेला माणूस एकच: ढकलायच्या आधी बॉनेट उघडू शकणारा ड्रायव्हर. त्याला ओहम आणि जूल यांची नावं ठाऊक नसली तरी अडत नाही. ‘बॅटरीकडची दोन्ही टोकं गार होती, काळ्या केबलचं इंजिनकडचं टोक चटका देत होतं’ एवढं एक वाक्य त्यानं घाट उतरवून आणलं, तर वायरमनला कोणता नट आधी सोडायचा हे विचारावं लागत नाही.